कालचं आतडं

मुर्री गावातल्या ज्या दुकानात आम्ही मटण घेतो, तिथे एक तरुणी रांगेत उभी राहते आणि फक्त आतडं मागते. खाटीक चिडवतो, "मॅडम, कधी मटण बी खाऊन पाहा ना." ती हसत नाही. बकरा कापून किती वेळ झाला ते विचारते, आतडं मिठाच्या थंड पाण्यात ठेवते आणि स्कूटी पळवते. फार्मसी कॉलेजात ती ते बाहीसारखं उलटं करून बांधते आणि नव्या, स्वस्त गोळीतलं औषध त्यातून किती पार होतं ते मोजते. माणसाच्या रक्तात ते किती उतरेल, याचा अंदाज त्यावरून येतो. तिची पीएचडी त्यावरच अडली आहे.

श्रावणात बकरे कमी कापले जातात. तिने फ्रीजमधलं आदल्या दिवशीचं आतडं वापरलं आणि औषध भराभर पार झालं. तिचे सर खूश झाले. तिने मात्र तो प्रयोगच रद्द केला.

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला माणूस, मला राग आला. "ताई, रद्द काऊन केला? गोळी गरिबांसाठीच आहे ना?"

"मेलेलं आतडं काहीबी आत जाऊ देते," ती म्हणाली. "गरिबाचं आतडं जिवंत असते, भाऊ."

पोळ्यानंतर दुकानात पुन्हा झुंबड उडाली, तिलाही ताजं आतडं मिळालं. पुढच्या वेळी रांगेत मी विचारलं, "झालं का पार?"

"नाही ना. जवळपास काहीच नाही." तिचा चेहरा उतरला होता. मग ती खाटकाकडे वळली. "उद्या बी ताजं ठेवजा."