त्या दिवशी इशारा पिवळा होता

ही गोष्ट मी सुनेला सांगितली नाही, लेकीला सांगितली नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा गुडघ्यांचं बोलते, नातवाच्या नोकरीचं बोलते — हिच्यापाशी आले की उठते, काहीतरी काम काढते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बसले आहे असं समजा. चौथीत शाळा सुटली माझी. लिहायला वेळ लागतो. लागू दे.

इकडे हिंदी मुलखात, माधवगंजात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी मराठी मंडळाचा हॉल आहे. जुना, दगडी, छत उंच. बाहेर लू, म्हणजे उन्हाची झळ, चालली असली तरी आत पाऊल टाकलं की अंगाला बरं वाटतं. चैत्रात तिथे गौरीचं हळदीकुंकू होतं, आंब्याची डाळ, पन्हं. मग आम्ही बायका तिथेच पापड लाटतो, ते नया बाज़ारच्या दुकानांत जातात. महिला शाखेत मी सगळ्यांत जुनी, म्हणून हॉलची किल्ली माझ्याकडे.

समोर, रस्त्याच्या पलीकडे, कमला उभी असायची. प्रेसवाली. टिनाचं छप्पर, खाली ठेला, ठेल्यावर कोळशाची इस्त्री. वरून ऊन, समोरून कोळसा. माझ्याहून पुष्कळ लहान, पण जिभेची तिखट. मी दिसले की तिथूनच ओरडायची, "आ गईं महारानी, चाबी खनकाती हुई!"

मी म्हणायची, "पहले मेरे ब्लाउज की बाँह का बता, जो तूने जलाई."

"जली कहाँ अम्मा, फ़ैशन हुआ है!"

असं आमचं रोजचं. तिच्यावर माझा राग नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. राग असता तर — तर काय? तर सोपं झालं असतं का? माहीत नाही.

दोन वर्षं झाली. होळीनंतर मंडळात मीटिंग ठेवली. वरून सांगितलं होतं की प्रत्येक मोहल्ल्याने उन्हाळ्याचा आपला-आपला नियम करावा. मोबाइलवर इशारे येतात ना — पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे धोका. मधे एक नारिंगीही असतो, तो कुणाच्या लक्षात राहत नाही. प्रश्न एवढाच होता की कुठल्या इशाऱ्याला हॉल दुपारी सगळ्यांसाठी उघडायचा. ठेलेवाले, हमाल, रिक्षावाले, ज्याला बसायचं त्याने बसावं. माठ भरून ठेवायचे. बस, एवढंच.

समजावायला सिटी सेंटरहून एक मॅडम आली होती. हवामानाचं शिकलेली, आपल्यातलीच मुलगी, मृण्मयी नाव. पोरगी खरं बोलली. म्हणाली, "पक्कं असं मी काहीच नाही सांगू शकत. गरमी वाढतेय, ये तो तय है. पण कुठल्या वर्षी किती, आणि या गल्लीत किती — तापमान मोजायचं मशीन शहराच्या बाहेर लागलंय, मोकळ्यावर. इथे दगड, टिन, भिंतीला भिंत. इथलं जुनं मोजमाप कुणाकडेच नाहीये."

आपटे आमचे सेक्रेटरी. बँकेतून रिटायर झालेले. ते म्हणाले, "मग पिवळ्यावर उघडायचा म्हणजे दोन महिने उघडाच ठेवा की! आणि इशारा खोटा निघाला म्हणजे? दोनदा खोटा निघाला की तिसऱ्यांदा कुत्रं येणार नाही."

"निघेल खोटा, काका. बऱ्याचदा निघेल," ती म्हणाली. "उगाच उघडला तर एक दोपहर वाया गेली. नाही उघडला, आणि खरा निघाला —"

कुणी इकडे, कुणी तिकडे. निम्मे-निम्मे झाले. तेव्हा ती माझ्याकडे वळली. "आजी, तुम्ही सगळ्यांत मोठ्या. आपके ज़माने में भी ऐसी ही गरमी थी का? तुम्हाला जे आठवतं, तेच आज आमचं मोजमाप."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शिकलेली माणसं गप्प बसून माझ्या तोंडाकडे बघतात — असं आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं. मी काय बोलले ते सांगते. पण त्याच्या आधी मला काय आठवलं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी, चुकली असेल.

मला तेव्हाच्या रात्री आठवल्या. लग्न होऊन आले तेव्हा आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो. दिवस भट्टीसारखा, ते खरंच. पण संध्याकाळी फरशीवर पाणी टाकलं की वाफ निघायची, वास यायचा, आणि पहाटे — पहाटे गोधडी ओढायला लागायची. ज्येष्ठातसुद्धा. सासूबाई सगळ्यांच्या अंगावर टाकत फिरायच्या. आता? आता गच्चीचा दगड पहाटेपर्यंत तापलेलाच असतो, पाठ टेकवत नाही. अंगाला आराम म्हणून मिळत नाही. हे मला माहीत होतं. रोज रात्री जागून माहीत होतं. ती पोरगी हेच विचारत होती, दुसरं काय विचारत होती?

आणि आणखी एक आठवलं.

हे खाटेवर होते, छातीच्या रोगाने. घरात मिळवणारी मी एकटी. पापडाची टोपली डोक्यावर घेऊन दुपारचीच नया बाज़ारला जायची, कारण सकाळी ह्यांचं सगळं करायचं असायचं. मला तेव्हा दिवस गेले होते, पोट दिसायला लागलं होतं. एके दिवशी लू अशी होती की रस्त्यावर चिमणी नाही. एका दुकानाच्या ओट्यावर, सावलीत, टेकले. मालकीण आतून म्हणाली, "ऐ बाई, आगे बढ़ो, ग्राहक आएगा." मी उठले. तिने पडदा ओढून घेतला, खसचा, वाळ्याचा, ओला — त्याचा वास मला लागला, थंडगार. पुढे गेले, टोपली पोचवली, पैसे घेतले, घरी आले. त्याच रात्री ते मूल गेलं. मुलगा होता. सकाळी उठून मी पीठ भिजवलं. मग काय करणार होते?

तर मीटिंगमध्ये हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं. आणि मी म्हणाले — हे मी जसंच्या तसं लिहिते — "पूर्वीही असाच उन्हाळा होता. आम्ही उन्हातच वाढलो. आम्हाला कुणाला काही झालं नाही."

आम्हाला कुणाला काही झालं नाही. मी म्हणाले हे. मी.

आपटे खूष झाले. "बघा! हा अनुभव आहे." मॅडम माझ्याकडे जरा बघत राहिली, मग मान खाली घातली. नियम झाला — लाल आला तरच हॉल उघडायचा. पिवळ्यावर नाही.

का बोलले? घरी येताना मी मनाला सांगितलं, पापडासाठी. हॉल दुपारचा गेला तर आठ-दहा बायकांचा हंगाम जाईल, हळदीकुंकवाला जागा राहणार नाही. हे काही अगदी खोटं नव्हतं. पण पापड आम्ही माझ्या घरीसुद्धा लाटले असते. दाटीत, पण लाटले असते. मग का?

खरं असं आहे की मला सोसलं नाही. मी उन्हात मेले तेव्हा कुणी हॉल उघडला? कुणी माठ भरून ठेवला? कुणी मीटिंग घेतली? आणि आता हमालांना, रिक्षावाल्यांना, प्रेसवालीला असं आयतं, पंख्याखाली बसायला मिळणार — त्यांनाच का? असं माझ्या पोटात आलं. लाज वाटते लिहायला, पण आलं. लोक म्हणतात, मावशींनी किती सोसलं, किती खंबीर. हाच तो खंबीरपणा. तो असा उपयोगाला आला. आणि त्या ओट्याची गोष्ट सांगितली ती सबब म्हणून नाही. तो ओटा ज्याला माहीत आहे, त्याने तर सगळ्यांत आधी दार उघडायला पाहिजे होतं. उलट मीच पडदा ओढला.

त्याच वर्षी, वैशाख संपत आला होता. दुपारची वेळ, आम्ही पापड लाटत होतो. पिठाला वारा लागू नये म्हणून पंखे बंद, तरी हॉल गारच. कमला दारापाशी आली. चेहरा लाल, पण घाम नव्हता — हे मला नंतर आठवलं, तेव्हा बघितलंच नाही. म्हणाली, "अम्मा, दस मिनट बैठ जाऊँ? सर घूम रहा है."

मी दाराची लोखंडी गजांची जाळी उघडली नाही. म्हणाले, "आज लाल नहीं है कमला, पीला है. एक को बिठाया तो सब आएँगे. नियम बना है."

ती हसली. "सूरज भी तुम्हारा नियम पढ़ के निकलता है का, अम्मा?"

आतल्या बायका हसल्या. मीसुद्धा हसले. जाळीतून पन्ह्याचा पेला दिला. तिने अर्धा प्यायला, अर्धा मानेवर ओतला आणि गेली. पुष्कळ दिवस मी त्या पेल्याला धरून बसले होते — मी पन्हं तर दिलं ना? दिलं ना? कुणाला विचारत होते कोण जाणे.

थोड्या वेळाने रस्त्यावर गलका झाला. ती ठेल्याच्या पायाशी पडली होती, हातपाय झाडत होती. इस्त्री एका शर्टावर तशीच, शर्ट जळत होता. तेव्हा आम्ही धावलो. तेव्हा तिला हॉलमध्येच आणलं, पाणी ओतलं, ओले पंचे गुंडाळले. मीच जाळी सताड उघडली.

वाचली. पण जीभ जड झाली, हात कापतो, चालताना भिंत धरते. इस्त्री आता तिची सून करते.

डॉक्टर म्हणाला होता, लू लागली असेल, बीपीही होतं, साखरही वाढलेली, पक्कं सांगता येत नाही. हॉलमध्ये दहा मिनिटं बसली असती तर हे टळलं असतं का? तेही कोणी पक्कं सांगू शकत नाही. बघा, किती सोय आहे. मी त्या 'पक्कं नाही'च्या आड दोन वर्षं राहिले. आरामात राहिले असं नाही, पण राहिले. त्या पोरीने तोच शब्द वापरला होता. तिला पक्कं माहीत नव्हतं म्हणून ती म्हणत होती, दार उघडून ठेवा. मला पक्कं माहीत होतं, आणि मी बंद केलं.

तेव्हापासून मी कमलाला रोज पोळी-भाजी नेऊन देते. मोहल्ल्यात नाव होतं माझं. तिची सून पाया पडते. मी पडू देते.

या वर्षी पुन्हा मीटिंग झाली. मॅडम आली होती, नियम बदलायचा का, विचारायला. कमलालाही सुनेने धरून आणलं होतं, पहिल्या रांगेत बसवलं. मी उठले. म्हणाले, "पिवळ्यावरच उघडा. आता रात्री थंड होत नाहीत. पूर्वी ज्येष्ठात पहाटे गोधडी लागायची." बरोबर बोलले ना? इथपर्यंत बरोबर बोलले.

आपटे म्हणाले, "अहो, पण काकू, त्या वर्षी तर तुम्हीच म्हणालात पूर्वीही असंच होतं! तुमच्याच शब्दावर नियम केला आपण."

कमला समोर. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं — मी खोटं बोलले. तोंडात आलं होतं.

मी म्हणाले, "तेव्हा नीट आठवलं नाही हो. वय झालं."

लोक हसले, मायेनेच हसले. कुणी खुर्ची पुढे केली. नियम बदलला, हॉल आता पिवळ्यावर उघडतो. तेवढ्यात कमलाने हात वर केला, कापरा, आणि आपट्यांवर डोळे वटारले. शब्द एकेक करून बाहेर काढले तिने — "अम्मा को... मत... डाँटो. इस उमर में... किसको... याद रहता है."

मी तिच्याशेजारी बसले. तिने माझा हात धरला. मी धरू दिला.

मला आठवत होतं. दोन्ही वेळा.