वरातीतले दोन फौजी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. आठवीनंतर शाळा सुटली आणि मी मामाच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवायला लागलो. पंचवटीत आमचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक शटर आणि आत टांगलेली वाद्यं.

बँडवाल्याचा वेळ वाजवण्यात कमी आणि थांबण्यात जास्त जातो. नवरदेवाचा फेटा बांधून होत नाही, घोडी येत नाही, कुणाची तरी आत्या रुसून बसलेली असते. आम्ही आपले रस्त्याच्या कडेला उभे. किस्से साठतात ते तिथेच. मला चारचौघांत बोलता येत नाही, त्यामुळे मी ऐकतो, आणि ऐकलेलं डोक्यात राहून जातं. त्यातले हे काही, आमच्याकडे आलेल्या दोन फौजींचे.

पहिले उत्तम बागूल, सटाण्याकडचे. चोवीस वर्षं पलटणीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून हवालदार म्हणून रिटायर झालेले. त्यांना आम्ही उस्ताद म्हणतो. दुसरा संदीपदादा, सिन्नरचा. त्यांच्याच बँडमधला ड्रमर, पस्तिशीचा. मेडिकल बोर्डाने त्याला वेळेआधी घरी पाठवलं होतं आणि तो घरात नुसता बसून असायचा. उस्तादांनीच त्याला शोधून आणला.

मामाने उस्तादांना विचारलं होतं, "बागूल, तुम्हाला पेन्शन आहे. लग्नात वाजवायची हौस कशाला?"

उस्ताद म्हणाले, "पेन्शन शे, घर शे. सकाळी उठून जायचं कुठं, तेवढं सांगा!"

* * *

बँडचा ड्रेस तुम्ही पाहिलाच असेल. लाल कोट, सोनेरी दोऱ्या, खांद्यावर चमकणारे स्टार. कुणाला किती स्टार, याला काही नियम नाही. शिंप्याला वाटलं तेवढे.

उस्तादांनी कोट हातात घेतला, खांदे पाहिले आणि खाली ठेवला.

"हा मी घालू शकत नाही."

मामाला वाटलं, घट्ट होतोय. "उसवून देतो ना."

"माप बरोबर आहे. रँक चुकलीय! हा माणूस ब्रिगेडियरच्याही वर गेला. मी हवालदार."

मग ते दुकानाच्या पायरीवर ब्लेड घेऊन बसले. एकेक स्टार काढला आणि बाहीवर पांढऱ्या फितीच्या तीन पट्ट्या शिवल्या. संदीपदादानेही आपले स्टार काढून टाकले. बाकीच्यांचे तसेच राहिले. आमचे क्लॅरिनेटवाले शांतारामकाका, त्यांच्या खांद्यावर तर चिकटवायला जागा उरली नव्हती.

पहिल्याच लग्नात काका मांडवाच्या दारात तंबाखू मळत उभे होते. उस्ताद समोर गेले, टाचा जुळवल्या, कडक सॅल्यूट ठोकला.

"साहेब, जरा कोपऱ्यात जाऊन खा. जवान बघतायत!"

* * *

त्याच दिवशी इंदिरानगरात वरात होती. मामाने कौतुकाने दोघांना पुढे ठेवलं. उस्तादांनी हात वर केला, संदीपदादाचा ड्रम वाजला आणि आम्ही निघालो.

निघालो म्हणजे काय, सुटलोच! दोघं ताठ मानेने, पायात पाय, परेडच्या चालीने. मागे आम्ही अर्धे पळत, अर्धे वाजवत. शांतारामकाकांचा श्वास क्लॅरिनेटमध्ये कमी आणि बाहेर जास्त. लोक बाल्कनीतून बघत होते. खरं सांगतो, इतकं सुंदर आम्ही कधी वाजवलं नव्हतं.

चौकात पोचलो आणि मामा स्कूटरवर मागून आला.

"अहो, नवरदेव कुठंय?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मागे रस्ता मोकळा. नवरदेव, घोडी, नाचणारी पोरं, सगळे अजून घरापाशीच होते.

संदीपदादा घाम पुसत म्हणाला, "सराव नाय उस्ताद त्यांना."

आम्ही इतके हसलो! उस्ताद हसले नाहीत. परत येताना ते माझ्या बाजूने चालत होते. म्हणाले, "चोवीस वर्षं पुढं जायला शिकलो. आता या वयात दोन पावलं टाकून थांबायचं शिकायचं."

शिकले पण. त्याला सगळा एक सीझन गेला.

* * *

संदीपदादा कमी बोलायचा. रिकाम्या वेळात मला रोल शिकवायचा. रोल म्हणजे दोन्ही काड्या इतक्या सारख्या पडायला हव्यात, की ठोके वेगळे ऐकू न येता एकच आवाज लांबत जावा. मला काही केल्या जमत नव्हतं. दादा कधी चिडला नाही. मी चुकलो की त्याच्या गालाचा एक स्नायू हलायचा, बस्स.

एका लग्नात नवरदेवाचे मेहुणे फार खूश झाले. खिशातून नोटा काढून दादाच्या डोक्यावरून ओवाळायला आणि उधळायला लागले. आमच्यासाठी ती बक्षिशी. आमचे डोळे जमिनीवर, कुठली नोट कुठे पडते त्यावर.

दादाने वाजवणं थांबवलं. खाली वाकला. सगळ्या नोटा गोळा केल्या, कडा जुळवल्या आणि मेहुण्यांच्या हातात दिल्या.

"साहेब, आपके पैसे गिर गए."

मेहुण्यांनी नोटा परत खिशात घातल्या. मामाने कपाळाला हात लावला!

पण नंतर कुणी उधळेना. त्या माणसाने जाताना दादाशी हात मिळवला आणि त्याचं नाव विचारलं. वरातीत ड्रमवाल्याचं नाव मी तरी कुणी विचारलेलं पाहिलं नव्हतं.

* * *

पुढचा किस्सा हसण्याचा नाही.

पंचवटीतल्या एका गल्लीत वरात अडकली होती. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. नवऱ्या मुलाचा काका मधोमध नाचत होता. नाचता नाचता खाली बसला, मग आडवा झाला. लोकांना वाटलं, नाचातलंच काहीतरी आहे. शिट्ट्या पडल्या!

दादाचा ड्रम रस्त्यावर आपटला तो आवाज मला अजून आठवतो. उस्तादांनी ट्रम्पेट माझ्या हातात कोंबलं. आमच्या बँडच्या नावाची कापडी पाटी दोन बांबूंवर असते. दोघांनी पाटी फाडून काढली, अंगातले लाल कोट उलटे करून बाह्यांतून बांबू घातले आणि आडव्या पडलेल्या काकांना त्यावर घेतलं. कुणाला काही कळायच्या आत दोघं गर्दीतून चालायला लागले. पळत नव्हते. पावलं एकसारखी, झोळी हलत नव्हती. मोठ्या रस्त्यावर रिक्षा थांबवली आणि दवाखाना गाठला.

काका वाचले. आठवड्याने त्यांचा मुलगा पेढे घेऊन दुकानात आला. मी उस्तादांना विचारलं, "हे तुम्हाला कसं येतं?"

"लढाईत बँड वाजत नाही बाळा. तेव्हा बँडवाल्यांनी जखमी उचलायचे असतात."

मी पेढ्यांचा बॉक्स दादापुढे धरला. त्याने घेतला नाही. दोन्ही हात पँटला पुसत होता. हाताला काही लागलेलं नव्हतं, तरी पुसत होता. दुसऱ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला.

उस्ताद एवढंच बोलले, "त्याने असाच एक उचलला होता. दोस्त होता. डोंगरावरून खाली पोचेपर्यंत संपला."

* * *

दादाच्या आईचा फोन यायचा. भिंतीकडे तोंड करून पडून असतो, म्हणायची. ताट ठेवलं तर दोन घास खातो, बोलत मात्र नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं तर डोक्यावरून पांघरूण घेतो. उस्ताद दोनदा जाऊन आले. समजावलं, रागावले, शेवटी हवालदाराच्या आवाजात हुकूम दिला. तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा उस्तादांना फोन आला, रात्रभर झोप लागली नाही म्हणाली. "मला भ्या वाटतं रं उत्तम. हा असाच जाईल."

तिसऱ्या वेळी उस्ताद मला म्हणाले, "मिलिंद, ड्रम घे. सिन्नरला जायचंय."

एस.टी.त मी विचारलं, "मी तिथं काय करू?"

"रोल वाजव."

"उस्ताद, मला रोल येत नाही."

"म्हणून तर तुला नेतोय!"

दादाच्या खोलीची खिडकी ओट्यावर उघडते. ती बंद होती. उस्तादांनी मला खिडकीखाली बसवलं. समोर आई मेथी निवडत बसली. मी सुरुवात केली.

पत्र्यावर बटाटे सांडल्यासारखा आवाज येत होता. पोरं जमली. समोरची बाई विचारायला लागली, "कुणाचं लगीन हाय गं?" माझे कान तापले. मला चार लोकांत पाणी मागता येत नाही, आणि इथे सगळी आळी माझा रोल ऐकत होती. मी उस्तादांकडे पाहिलं.

"थांबू नको."

हात दुखायला लागले. पोरं कंटाळून गेली. ऊन ओट्यावर आलं.

मग आतून आवाज आला.

"डावा."

मी थांबलो. आईच्या हातातली मेथी तशीच राहिली. उस्तादांनी खूण केली, वाजव.

मी वाजवलं.

"डावा हात! त्याला उजव्याच्या मागं कशाला पळवतो? येऊ दे की त्याला त्याच्या चालीनं. लय घाई हाय तुला!"

आईने पदर तोंडाला लावला. उस्ताद उठले, चप्पल घातली. "मावशी, मी स्टँडवर चहा पिऊन येतो," म्हणाले आणि गेले. दुपारपर्यंत आलेच नाहीत.

मी वाजवत राहिलो. आतून मधूनच आवाज यायचा. "परत." "नाय." "परत." एकदा तर शिवी आली!

किती वेळाने कोण जाणे, खिडकी वीतभर उघडली. एक हात बाहेर आला. दाढी वाढलेला चेहरा मागे अंधारात होता, नीट दिसला नाही. हातात दोन काड्या होत्या, टोकं झिजून गोल झालेल्या.

"तुझ्या जड हायेत. या घे." मग थोडं थांबून, "उद्या परत आणून दे."

हात आत गेला. खिडकी मात्र त्याने लावली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एस.टी.ने एकटाच सिन्नरला गेलो, ओट्यावर बसलो आणि चुकायला सुरुवात केली.