बराबर पुर्जा

मोटारीचा पुर्जा शोधणं आणि मुलीला स्थळ शोधणं यात काही फरक नाही, असं मी पूर्वी थट्टेनं म्हणायचो. गण जुळला तर नाडी अडते, आणि सगळं जुळलं तर स्थळ हातचं गेलेलं असतं. दोन वर्षं मी तेच केलं. आता त्यावर थट्टा सुचत नाही.

माझे वडील केदारखेड्याकडच्या एका जमीनदाराची मोटार चालवायचे. कापडी टपाची अमेरिकी मोटार; हवा खायची असली की टप मागे दुमडायचा. अठरा वर्षं बाबांनी ती हाकली. महायुद्धात पेट्रोल मिळेना, मग गियरमधलं एक दातेरी चाक झिजून निकामी झालं, तेव्हा जमीनदारानं "घेऊन जा हे धूड" म्हणून ती बाबांनाच देऊन टाकली. बैलांनी ओढत ती आमच्या गोठ्यात आली.

त्याच सुमारास बाबांना काचबिंदू झाल्याचं कळलं. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल. घरी येताना बाबा एवढंच बोलले, "डोळे हायेत तवर एकडाव नदीपोतर नेतो तिला. मंग काय का होईना."

मी जालन्यात एका जिनिंगमध्ये फिटर होतो. मला वाटलं, त्यात काय अवघड आहे! फिटरला नेहमी असंच वाटतं. टप फाटला होता, तो पालाच्या कापडातून शिवून घेतला. पंख्याचा पट्टा जिनिंगच्या टाकाऊ पट्ट्यातून कापला. घोडं अडलं ते दातेरी चाकापाशी. भोकरदनकडे एका गोदामात त्याच जातीची मोटार धूळ खात पडली होती. तिचं चाक काढलं तर एक दात जास्त. कुंभार पिंपळगावच्या बाजारात एका भंगारवाल्याकडे दात बरोबर जुळले, पण मधलं भोक मोठं. "घासून घ्या की," तो म्हणाला. घासून भोक लहान होतं का, असं मी त्याला विचारलं. त्याला राग आला, आणि मला त्याच्यापेक्षा जास्त. मुंबई इलाख्यातून नवा पुर्जा मागवावा तर संस्थानच्या करोडगिरीच्या नाक्यावर जकातीसाठी माल अडकून पडायचा, आणि पुढे तर सरहद्दीवर नाकेबंदी होऊन तिकडून काही येणंच बंद झालं.

दर खेपेला मी गावी गेलो की बाबांचा एकच सवाल, "मिळाला का?" आधी ते मला वेशीपासून ओळखून हाक मारायचे. मग अंगणात आल्यावर. मग मी बोलल्यावर. मी तो हिशेब मनातसुद्धा करत नव्हतो, तरी तो व्हायचाच.

शेवटी शहागडचा एक ट्रकवाला भेटला. तो हैदराबादेला जायचा. तिथला एक उस्ताद नुसत्या कानशीनं दात पाडून चाक बनवतो, असं त्यानंच सांगितलं. मी आमचं झिजलेलं चाक फडक्यात बांधून त्याच्या हाती दिलं आणि बजावलं, "उस्तादला सांगा, पुर्जा बिलकुल बराबर पाहिजे."

"फिकर नक्को करो भाई," तो म्हणाला, "बाल बराबर फरक नहीं आएंगा."

दोन महिन्यांनी त्यानं दोन चाकं आणून दिली, जुनं आणि नवं. वर उस्तादाचा निरोप, असल कौनसा और नकल कौनसा, पहचान के बताओ. मी हरखून तसाच गावी पळालो आणि दोन्ही चाकं बाबांच्या दोन हातांत ठेवली.

बाबांनी अंगठा एकेका दातावरून फिरवला. आधी जुन्यावर, मग नव्यावर, मग परत जुन्यावर. 

"ह्यातला नवा कंचा रे?"

"उजव्या हातातला, बाबा."

"मंग ह्याचे बी तीन दात गोल कामून हायेत?"

मी चाक उजेडात धरलं. उस्तादानं कमाल केली होती. झिजून गोल झालेले तीन दात त्यानं तितकेच गोल घासले होते. एका दाताचा टवका उडाला होता, तोसुद्धा तसाच उडवला होता. त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. आमच्याकडे 'बराबर' म्हणजे ठीक, जसं असायला पाहिजे तसं. त्यानं ऐकलं, हुबेहूब. मी फिटर असून 'दात नवे पाडा' हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटलं मला. आजही वाटतं.

मी म्हणालो, परत पाठवतो. पण रस्त्यांवर लूटमार, जाळपोळ सुरू झाली होती, लोक घराबाहेर पडायला भीत होते, आणि त्या ट्रकवाल्यानं फेऱ्या बंद केल्या त्या केल्याच. उन्हाळा आला. बाबा भिंतीला हात लावून चालायला लागले.

एका सकाळी ते म्हणाले, "बसव ते चाक."

"बाबा, त्याचा काई उपेग न्हाई."

"ठावं हाय मला. त्याची जागा रिकामी नगं. बसव, अन् बैल जुंप."

मी चाक बसवलं. दुसरं काय करणार? टप मागे दुमडला, पुढच्या दांडीला दोर बांधून बैल जुंपले आणि कासरा धरून पुढे चालू लागलो. बाबा डोक्याला पटका बांधून आत मोटार वळवायच्या चक्रापाशी बसले. वेशीपाशी त्यांनी भोंगा वाजवला, बैल बुजले, लोक हसले. लिंबाच्या वळणावर मी काही सांगायच्या आत बाबांनी चक्र बराबर फिरवलं. अठरा वर्षांचा हात होता तो.

नदीच्या उतारावर मी बैल थांबवले आणि मागे त्यांच्यापाशी आलो. बाबा समोर बघत होते.

"आली नदी," मी म्हणालो.

"दिसती की," बाबा म्हणाले. "पाणी लई हाय यंदा."

नदी ठणठणीत कोरडी होती. पात्रात नुसती वाळू तापत होती.

"बराबर, बाबा," मी म्हणालो.