केतकीचं मागणं

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला म्हणून सांगते.

बाबांच्या रेल्वेच्या नोकरीपायी आम्ही उज्जैनचे झालो. घर माधव नगरात, आणि अभ्यासाला आम्हा दोघी बहिणींत एकच खोली. मी आणि धाकटी केतकी बँकेच्या एकाच परीक्षेला बसणार होतो. परीक्षा जवळ आली तशी ती खचली. झोप नाही, घास उतरत नाही, पुस्तक उघडलं की एकाच पानावर अडून बसायची. चिंतामण गणपतीच्या देवळामागे भिंतीवर उलटं स्वस्तिक काढून मागायचं, इच्छा पुरी झाली की येऊन सरळ काढायचं — ही इथली रीत. तिला जायचं होतं, नेमकी पाळी आली. म्हणाली, "ताई, तू जाऊन ये ना. माझ्यासाठी माँग ले, बस."

गेले. कुंकवात बोट बुडवलं, उलटं स्वस्तिक काढलं — आणि मागितलं स्वतःसाठी. विसरले नव्हते हं. पण जागा थोड्या होत्या, आणि ती माझ्याहून हुशार. देवापुढे उभं राहूनही माणूस इतका हिशेबी होतो?

घरी येऊन म्हटलं, "झालं गं तुझं काम." तिचा चेहरा बघता बघता सैलावला. "अब वो जाने," म्हणाली, पोटभर जेवली, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी तिच्या केसांतून हात फिरवत बसले. ती माया खोटी नव्हती — मग ते काय होतं?

निकालात माझा नंबर नव्हता. तिचाही नसू दे, असं मनात आलं — आलं, खरं सांगते. तिचा होता.

सरळ स्वस्तिक काढायला ती मलाच घेऊन गेली. "आपलं कुठलं गं?" मी बोट दाखवलं. तिने शेजारी सरळ स्वस्तिक काढलं, आणि वाकून माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आता ती रतलामला असते. मुलाला ताप येवो, बदलीची भीती असो, फोन येतो. "ताई, बाप्पाला सांग ना. तुझं ऐकतो तो." मी सांगते म्हणते, आणि पलीकडे तिचा श्वास शांत होतो. फोन ठेवून मी हात जोडते, तिच्यासाठीच जोडते. पण ती रात्ररात्र जागत होती, तेव्हा मी तिच्यासाठी काहीच मागितलं नव्हतं.