आण्णांची बावीसची रायफल

आमच्या पिंपळवंडीत परवान्याच्या बंदुका मोजक्याच, आणि त्यातली एक आमच्या बौद्धवस्तीत. धरणाच्या कामावर डंपर चालवताना आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका परदेशी साहेबाकडून पॉइंट बावीस बोअरची जुनी रायफल रीतसर विकत घेतली होती. परवान्याला कारण लावलं होतं पीकसंरक्षणाचं. नळीवरचं इंग्रजी नाव बंदुकीच्या कारखान्याचं नव्हतंच. तिकडच्या एका मोठ्या दुकानाचं होतं. ते दुकान तव्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळं आपल्याच नावाने विकायचं. गावाला मात्र एवढंच ठाऊक, की एक गोळी सुटली की दुसरी आपोआप चढते. म्हणजे मिलिटरीची!

या गैरसमजाने आमचं भलं केलं, हे मी लपवणार नाही. कुणी आमचा बांध कोरला नाही, आमची पाण्याची पाळी चुकवली नाही. चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली मी कॉलेजात समतेवर तावातावाने बोलायचे आणि मनातून त्या लोखंडावर विसंबून असायचे.

दोन हजार सालानंतरच्या एका ऊसतोडणीच्या हंगामात उसात बिबट्याची दोन पिल्लं सापडली. तोडकरी कोयते टाकून बांधावर आले. मादी आतच गुरगुरत होती. तासाभरात गावातली वीसेक माणसं आमच्या अंगणात. उसाचा मालक पुढे होता.

"भाऊ, आटोमॅटिक काढा. उडवून टाकू."

"काढा ना आण्णा," मीही म्हणाले. गाव आमच्या दारात मागायला आलंय, याचीच मला झिंग चढली होती.

आण्णा आत गेले आणि नुसतं एक काडतूस घेऊन बाहेर आले. मालकाच्या तळहातावर ठेवलं. शेंगदाण्याहून थोडंसंच लांब.

"ही गोळी?"

"हीच. घोडा हिच्या बुडाच्या कडेवर पडून फुटती, म्हणून बूड पातळ आन दारू चिमूटभर. ससा मरंल. डुक्कर आवाजानं पळंल. बिबट्याला नुसती जखम व्हईल. मग त्या उसात कोण शिरणार, तुमी का ह्या तोडकरणी?"

मग मागून एकजण म्हणाला, "म्हंजे इतकी वर्सं आमी ह्या पिपाणीला भ्यायलो व्हय, राव?"

"भ्यायला ते बरंच केलं," आण्णा म्हणाले.

अंगण हसलं. मला हसू येईना. आमची भिंत आण्णांनी स्वतःच्या हाताने पाडली होती. आता उद्यापासून बांध कोण राखणार, पाळी कोण पाळणार?

"आन कायदा हाय. बिबट्या मारायचा न्हाई," आण्णा पुढे म्हणाले. "पिल्लं व्हती तिथंच ठिवा. आई नेईल."

दुपारी आलेल्या वनखात्याच्या माणसानेही तेच सांगितलं. सापडली त्या जागी, तोडलेल्या उसाच्या कडेला, टोमॅटोच्या क्रेटमध्ये पिल्लं ठेवून सगळे शेताबाहेर झाले. तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, रस्त्यापलीकडे हलवल्या. त्यासाठी मालकानेच ट्रॅक्टर दिला.

सकाळी क्रेट रिकामं होतं. बाजूच्या ओल्या मातीत मोठी पावलं ओढ्याकडे गेलेली.

मी दारात उभी होते. मालक सायकल टेकवून अंगणात आला. पिपाणीवरून काहीतरी बोलणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो पायरीवर टेकला, आईने दिलेला चहा घेतला आणि आण्णांना म्हणाला,

"तोड कुठल्या टोकानं लावू, भाऊ? तुमी सांगाल तसं."

आण्णांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि ते त्याच्याबरोबर शेताकडे निघाले, रिकाम्या हाताने.