येळवशीचा पाव्हणा

नोकरीतले बहुतेक तपास आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. कुठल्या दरोड्यातला कुठला आरोपी, असं कुणी विचारलं तर मी डोकं खाजवत बसेन. पण गंगाखेडच्या बसस्टँडवर सापडलेला एक माणूस, आणि त्याच्यामुळे मला पाहायला मिळालेला दुसरा एक माणूस, हे दोघं अजूनही डोळ्यांपुढून हलत नाहीत. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यांतल्या एकाच्या घरी लेकरंबाळं आहेत.

तेव्हा मी जिल्ह्याच्या गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. येळवस होऊन गेली होती. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्या या भागात गावंच्या गावं रानात जातात. ज्वारीत कडब्याची कोपी, म्हणजे छोटी खोप, उभारून पूजा करतात आणि भाज्या-शेंगांची भज्जी, भाकरी, ताकातली आंबील यांवर तिथंच ताव मारतात. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. तू कोण, कुठला, असंही कुणी विचारत नाही. लोकांचा सण असतो आणि ओस पडलेल्या गावांत चोरांची चंगळ, त्यामुळे आम्हाला मात्र गस्त घालून घालून जीव नकोसा होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या एका खबऱ्याचा फोन आला. स्टँडवर चहा विकायचा तो. म्हणाला, एक परका इसम सकाळपासून बाकावर बसून आहे, येणाऱ्या प्रत्येक गाडीची चौकशी करतो आणि एकाही गाडीत चढत नाही.

“गिऱ्हाईक चांगलं हाय साहेब, चहावर चहा प्यायलाय. पण मानूस कुटंच जाईना.”

वर्णन ऐकून मी सावध झालो. सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्या, शेजारच्या जिल्ह्यातल्या एका गुन्हेगाराशी ते जुळत होतं. अनेक गुन्ह्यांत त्याचं नाव आलं होतं, पण एकाही गुन्ह्यात साक्षीदार टिकला नव्हता. स्टेशन डायरीला नोंद घेऊन, दोन पंच आणि चार कर्मचारी बरोबर घेऊन मी निघालो. झटापट होणार या तयारीनं गेलो होतो. प्रत्यक्षात तो बाकावरून उठला, गुडघा धरून “आई गं” म्हणाला आणि पिशवी माझ्यापुढे धरली. कट्टा कपड्यांच्या खाली आहे, असंही त्यानंच सांगितलं.

पंचांसमक्ष पिशवी उघडली. गावठी कट्टा, जिवंत काडतुसं, केसांना लावायचा काळा कलप, वाताच्या तेलाची बाटली आणि चाळिशीचा चष्मा. माझ्या एका हवालदाराला हसू आवरेना. सिनेमातल्या मारेकऱ्याच्या बॅगेत वाताचं तेल कुणी पाहिलंय?

शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल झाला आणि पोलीस कोठडी मिळाली. हसण्याचं कारण तिथंच संपलं. कट्टा घेऊन आलेला माणूस इथं कुणाला तरी मारायला आला होता. तो ‘कुणी तरी’ आमच्या जिल्ह्यात कुठं तरी निवांत जगत होता, आणि हा गडी मागे सरला तर सुपारी देणारा दुसरा माणूस पाठवणार हे उघड होतं. आम्हाला दोन नावं हवी होती. मारायचं कुणाला आणि मारायला सांगितलं कुणी? तो स्वतःबद्दल सगळं बोलत होता, पण या दोन प्रश्नांवर तोंडाला कुलूप.

गुन्हेगाराला मारून बोलतं करता येतं, असं मानणारे अधिकारी मी पाहिलेत. माझा अनुभव असा की माणूस मुळात बोलायलाच आलेला असतो, फक्त त्याला दार सापडत नसतं. या माणसाच्या सदऱ्यावर पांढरट, वाळलेले शिंतोडे होते आणि आंबूस वास येत होता. माझं लहानपण अशाच रानांत गेलेलं. ती आंबील होती. मी विचारलं, “कुणाच्या रानात जेवलास?”

त्यानं सदऱ्यावरच्या डागांकडे पाहिलं. मग त्यानंच उलट विचारलं, “त्या घरी समदं बरं हाय न्हवं?”

त्यानंतर तो बोलू लागला. राणीसावरगावच्या पलीकडचं एक शिवार, आणि तिथले एक शिक्षक. नाव ऐकताच मी खुर्चीत ताठ झालो. नदीची वाळू चोरून नेणाऱ्या हायवा ट्रकखाली महसूल खात्याच्या एका कोतवालाला चिरडून मारलं होतं, त्या खटल्यातले हे गुरुजी साक्षीदार होते. बाकीचे एकेक करून फितूर झाले होते. गुरुजी तेवढे हलले नव्हते, आणि त्यांच्या साक्षीची तारीख तोंडावर आली होती.

त्यानं येळवस मुद्दाम निवडली होती. त्या दिवशी परक्या माणसाकडे कुणी संशयानं बघत नाही, हे त्याला ठाऊक होतं. बांधावर रेंगाळताच गुरुजींनी हाक मारून त्याला बोलावलं. पूजेनंतर मालक रानाभोवती आंबील शिंपडत फिरतो. मागे एक जण आंबिलीचं मडकं, म्हणजे बिंदगं, घेऊन चालतो. गुरुजी त्यालाच म्हणाले, “पाव्हणं, चला माझ्यासंगं.” त्याला वाटलं, नशीब आपल्या पायानं चालत आलं. गुरुजींच्या म्हाताऱ्या आईनं बिंदगं त्याच्या हातांत दिलं आणि बजावलं, फेरी पुरी होईस्तोवर हे भुईला टेकवायचं नाही, आमच्या घरची रीत आहे.

ज्वारी पुरुषभर वाढलेली. पलीकडच्या कोपऱ्यात पोचल्यावर कोपीही दिसत नव्हती. गुरुजी पुढे, पाठमोरे. हा मागे, दोन्ही हातांत बिंदगं आणि कमरेला कट्टा.

“बिंदगं खाली ठिवायचं, येवडंच काम व्हतं,” तो म्हणाला.

“मग ठेवलं का नाहीस?”

“म्हातारीनं इश्वासानं दिल्तं, साहेब. माज्या हातात कुनी कदी काई इश्वासानं दिलं न्हवतं.” मग म्हणाला, “माज्या वयाचे लोक पोरींचे लग्नं करायलेत. मला पत्रिका सुदिक कुनी देत न्हाई. लय दिवसांपासून झोप न्हाई. त्या रानात जेवलो अन् बांधावरच डोळा लागला.”

फेरी पुरी करून, जेवून, झोपून, म्हातारीच्या पाया पडून तो गेला होता. मग स्टँडवर येऊन बसला, कारण कुठं जायचं हे त्याला सुचेना. गेली काही वर्षं त्याच्या आत काय चाललं होतं, ते त्यालाही नीट सांगता येत नव्हतं. मी इतकी वर्षं जबाब लिहिले, पण त्या दिवशी पेन हातात धरून नुसता ऐकत राहिलो.

सुपारी देणाऱ्याचं नाव मात्र त्यानं दिलं नाही. ते माझ्यासंगं जाईल, म्हणाला. कोतवालाच्या खटल्यातला मुख्य आरोपी, तो वाळूवाला, जामिनावर बाहेर होता आणि आमचा संशय त्याच्यावरच होता. पण संशयावर कोर्ट चालत नाही, आणि पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब तर तिथं टिकतच नाही. हा माणूस दंडाधिकाऱ्यांसमोर बोलला तरच उपयोग. तोवर गुरुजींच्या दारात साध्या वेशातले दोन पोलीस बसवण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

पंचनाम्यासाठी त्याला घेऊन आम्ही शिवारात गेलो. बेडीवर टॉवेल टाकला होता. म्हातारीनं त्याला लगेच ओळखलं. “पाव्हणं, परत आलाव का? बसा, च्या ठिवते,” म्हणत ती चुलीकडे गेली. तिला आम्ही त्याचे सोयरे वाटलो असू.

गुरुजी पन्नाशीचे, बारीक अंगाचे, हळू बोलणारे. कसं सांगावं याची मी मनात जुळवाजुळव केली होती. म्हटलं, गुरुजी, मन घट्ट करा. परवा तुमच्या मागे चालत होता, त्या माणसाच्या कमरेला कट्टा होता.

“माहीत आहे, साहेब,” ते म्हणाले. “पूजेआधी हातपाय धुवायला वाकला, तेव्हा दिसला मला.”

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. “मग ओरडला का नाहीत?”

“कोपीपाशी आई होती, लेकरं होती. ओरडलो असतो तर आई मधी आली असती. म्हणून त्याला तिथनं लांब घेऊन गेलो.”

“पाठ करून?”

“सारखं मागं वळून बघितलं असतं, तर मला कळलंय हे त्याला कळलं असतं. लेकरं जवळच होती अजून. म्हटलं, पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत तरी येऊ द्यावं.”

“आणि त्या कोपऱ्यात काही झालं नाही, तेव्हा?”

“तेव्हा पुढं चाललो,” गुरुजी म्हणाले. “फेरी अर्धी सोडत नाहीत.”

नंतर पोलिसांत का आला नाहीत, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी मलाच विचारलं की जेवून, पाया पडून गेलेल्या माणसाची फिर्याद द्यायची तरी कसली.

आरोपी चार पावलांवर होता. त्यानं शब्दन् शब्द ऐकला होता. तो हळूहळू गुडघे धरून ढेकळांत बसला आणि गुरुजींकडे बघत राहिला. हवालदारानं त्याला उठवायला हात दिला, पण तो उठला नाही. मान वर करून मला म्हणाला, “साहेब, ते नाव लिवून घ्या. जजसायबापुढं बी सांगतो.”

त्यानं सांगितलं, आणि उलटतपासणीतही तो हलला नाही. सुपारी देणारा वाळूवालाच निघाला, तो तुरुंगात गेला. गुरुजींची साक्ष ठरल्या तारखेला झाली. यालाही शिक्षा लागली, ती त्यानं मान खाली घालून घेतली.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं लोक विचारतात. माणूस कोणत्याही वयात थांबू शकतो, हे एक शिकलो. पण खरं सांगू का, त्या मारेकऱ्यापेक्षा मी गुरुजींचाच विचार जास्त करतो. शाखेत मला सगळे धाडसी अधिकारी म्हणायचे. कमरेला सरकारी रिव्हॉल्व्हर, मागेपुढे पोलीस, आणि एवढं असूनही हॉटेलात चहा प्यायला गेलो तरी मी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करूनच बसायचो. अजूनही तसाच बसतो.