मंगळवारची सुट्टी

"तुम्हा लोकांत हे नसतं गं."

बंगल्यावरच्या मॅडम हे डॉक्टरीणबाईंसमोर म्हणाल्या. हसतच. माझ्या हातात चहाचा ट्रे होता, ब्लाऊज दुधाने भिजला होता. माझी तान्ही पोर कारखान्यांच्या वस्तीत, उरल्यात, शेजारणीपाशी होती.

इकडे हिंदी मुलखात राज्य नवं झालं तशी मॅडमच्या साहेबांना मोठी खुर्ची मिळाली, बंगला मिळाला. त्यांची मुलगी, मी तिला ताई म्हणायची, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवसभर रडायची, बाळाकडे बघायचीही नाही. तिला एकटं ठेवू नका, बोलतं ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. म्हणून मला कामावर ठेवलं. आपली मराठी बोलणारी बाई पाहिजे होती. माझा कप मात्र वेगळा, मोरीजवळ पालथा घातलेला.

मला माहेर नव्हतं. आई कधीच गेली. नवरा लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये, पाळी संपली की येऊन झोपायचा. पोर रडायला लागली की मी भिंतीकडे तोंड करून बसायची. वाटायचं, हिला इथेच ठेवावं आणि ट्रकांच्या रस्त्याने चालत सुटावं. मला माझीच भीती वाटायची. मीच नालायक आई, असं धरून चालले होते.

त्या दिवशी डॉक्टरीणबाई ताईला समजावत होत्या. हा आजार आहे, बाळंतिणीला होतो, बरा होतो. माझंच तर सांगत होत्या. मी बोलून गेले, "मॅडम, मलेही असंच होऊन राहिलं."

तेव्हाच मॅडम हसून तुम्हा लोकांत हे नसतं म्हणाल्या. वर म्हणाल्या, "तुमच्या बाया चार दिवसांत कामाला लागतात. हे नखरे तुला कुठून सुचले?" डॉक्टरीणबाई बॅग आवरत बसल्या. ताईने मान खाली घातली. रोज दुपारी मी जिला धीर देत होते, तिने.

परतताना ऑटोत डोकं तापलं होतं. तिला झालं तर आजार. मला झालं तर नखरे.

नवऱ्याला सांगितलं, "मले डॉक्टरले दाखवाचं आहे. मन बरं नाही."

"काहून? लोक पागल म्हणतील ना."

"म्हणू दे."

सरकारी दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "किसको दिखाना है?"

"मुझे."

त्याने माझ्या मागे कोणी आहे का बघितलं. मी हलले नाही. आतल्या डॉक्टरने विचारलं, कब से हो रहा है? असं मला कोणी विचारलंच नव्हतं. मी पोरीला छातीशी धरून हमसून हमसून रडले. दर मंगळवारी यायला सांगितलं.

मॅडमना म्हटलं, "मंगळवारी येणार नाही. ताईले झालं तेच मले झालं. औषध चालू आहे."

"मग मला दुसरी बाई बघावी लागेल."

"बघा."

काम गेलं. मंगळवार सोडला नाही. आता आमच्या पाऱ्यात, वस्तीत म्हणा, एखादी बाळंतीण कोंडून रडत असली की मी दार वाजवते. सासू नखरे म्हणाली तर सासूसमोर तिचा हात धरून दवाखान्यात नेते. खिडकीवरचा माणूस अजून तेच विचारतो, किसको दिखाना है. उत्तर मी देत नाही. तिच्या तोंडून 'मुझे' निघेपर्यंत मी तिथून हलणार नाही.